बोरखेडीची विहीर

देशाच्या मध्यवर्ती बँकेतर्फे पाणी मोजायला आलेल्या वैजयंताबाईंनी बादलीभर पाणी शेंदून हुंगलं. गावाचं भूजल वाढलं, तरच बँक बोरखेडीच्या दवाखान्यासाठी नवे रुपये निर्माण करणार होती.

“सरपंच, झऱ्याला क्लोरीनचा वास कधीपासून यायला लागला?”

सरपंच ओशाळले. “दोन टँकर ओतले, बाई. दवाखाना हुकेल असं वाटलं.”

सरकार कर्ज काढून टँकर धाडायचं, ते उन्हाळे बाईंना आठवले. “स्वतः बांधलेल्या बंधाऱ्यांवर भरवसा नाही? उपसा विहीर!”

दुपारी तळ दिसला. मग कपारींतून झरे सुटले आणि संध्याकाळी पाणी गेल्या वर्षीच्या खुणेपेक्षा हातभर वर चढलं.

बाईंनी आकडा कळवला. कुणाच्याही डोक्यावर कर्ज न चढवता देशात एका दवाखान्यापुरता पैसा जन्माला आला.