नऊ नंबरची जादा रेघ

"शुक्रवारी कुपी फ्रीजरमध्ये ठेवलीत, की टेबलावरच राहिली? एवढंच सांगा," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या.

"ठेवली होती, मॅडम. माझ्या हातानं."

मॅडमनी फोटो तिच्यापुढे सरकवला. नऊ निरोगी माणसांचे नऊ नमुने, नऊ रकाने. प्रत्येकात एक काळी रेघ, हवी तिथेच. नवव्या रकान्यात मात्र तिच्याखाली आणखी एक, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी ठाण मांडून बसलेली.

तिच्या पाचावर धारण बसली. बारा वर्षं ती इथे तंत्रज्ञ होती, तीही कंत्राटावर. महिनाअखेरीला कंत्राट संपत होतं आणि पुढचं मॅडमच्या सहीवर होतं. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडवा झाला, तो उठलाच नाही. तेव्हापासून ती, लेक आणि ही नोकरी, एवढाच काय तो संसार.

कुपीत होती अँटिबॉडी. मूत्रपिंडाच्या पेशींना मिठाची बारीक दारं असतात. त्या दाराचं प्रथिन हुडकायचं आणि त्यालाच चिकटायचं, हे अँटिबॉडीचं काम. चिकटली की फोटोत रेघ उमटते. पण उबेला राहून बिघडली, तर भलत्यालाच जाऊन चिकटते.

"कुपी नासली, दुसरं काय," शहाणे म्हणाला. शहाणे हे मॅडमच्या हाताखालच्या त्या संशोधकाचं आडनाव नव्हतं, लक्षण होतं.

"मग बाकीच्या आठांत जादा रेघ का नाही?" तिनं विचारलं.

"तर मग नववा नमुना नासला असेल. तोही तुमच्याच ताब्यात होता. नाचता येईना अंगण वाकडं."

मॅडमनी हात वर केला. "नवी कुपी उघडा. नमुन्यांचा अर्धा भाग माझ्या खोलीत कुलपात आहे, तोच घ्या. परवापर्यंत निकाल द्या. मग सहीचं बघू."

ती मान हलवून बाहेर आली. धास्ती होती, ती कुपीची नव्हतीच. नमुने म्हणजे इथल्याच लोकांची लघवी. कुणाची कुठली, ते फक्त मॅडमच्या यादीत. औषध चालू असलेल्यानं द्यायची नाही, असा कडक नियम. त्या आठवड्यात तिच्या सर्दी-तापाच्या गोळ्या चालू होत्या. पण आठच बाटल्या जमल्या, शहाणे कुरकुर करायला लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नववी घरून आणून ठेवली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही. आता हे उघडं पडलं, तर कुपी नासवल्यापेक्षा मोठा गुन्हा. म्हणून तिनं तोंडाला कुलूप घातलं.

दोन दिवस तिनं मान वर केली नाही. प्रत्येक थेंब मोजला, प्रत्येक मिनिट लिहून ठेवलं. शहाणे मागून दोनदा डोकावून गेला. तिनं त्याला हिंग लावूनही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो निघायच्या आधी तिचा फोन थरथरला. लेकीचा निरोप होता. 'शेवटचा पेपर झक्कास. घरी पोचले. डोकं दुखतंय, आडवी होते जरा.' एवढा अभ्यास केल्यावर डोकं दुखणारच. पण झक्कास वाचून तिला बरं वाटलं.

तासाभरानं फोटो आला. आठ रकान्यांत एकेक रेघ. नवव्यात दोन. तीच जागा, तीच उंची.

तिला नाचावंसं वाटलं. कुपी नवी, नमुना कुलपातला. आता तिच्याकडे बोट कोण दाखवणार? ती जवळजवळ धावतच मॅडमच्या खोलीत गेली. शहाणे तिथेच होता. फोटो पाहून त्याचं तोंड एवढंसं झालं.

"तुमची माफी मागायला हवी," मॅडम सावकाश म्हणाल्या. "कुपी चांगली होती. रेघ खरी आहे."

"खरी म्हणजे?"

"नऊ नंबरच्या माणसाचं हे प्रथिन आखूड आहे. शेपूट तुटलेली. ती शेपूट म्हणजे दाराची दोरी समजा. ती नसली की दार ओढून लावता येत नाही. मीठ अंगात साठत राहतं, रक्तदाब कोवळ्या वयातच चढतो आणि त्या माणसाला पत्ताही नसतो. आईकडून नाहीतर बापाकडून येतं हे. जनुकांची तपासणी करून पक्कं होईल, पण तोवर थांबायचं नाही. यावर गोळ्या आहेत."

मॅडमनी खणातून यादी काढली, पाहिली आणि तिच्याकडे बघतच राहिल्या.

"बसा. नऊ नंबर तुम्हीच आहात."

तिच्या दंडाला पट्टा आवळला गेला. यंत्र घरघरलं. एकशे अठरा, शहात्तर. मॅडमनी पुन्हा मोजलं. तेच.

"अहो, तुम्ही तर ठणठणीत आहात," मॅडम चक्रावल्या. "असं कसं?"

तिनं पट्टा ओढून काढला आणि फोन कानाला लावला. घंटी वाजून वाजून थांबली. तिनं पुन्हा लावला.

"कुणाला लावताय?"

"नऊ नंबरला," ती म्हणाली. "लेक पेपर देऊन आलीय. डोकं दुखतंय म्हणून आडवी झालीय."