पाच नंबरची जागा

वेंडेलला हल्ली वाटा आठवत नसत, तरी त्याची बायको अर्लीन त्याला घोडीवरून बिनघोर फिरू देई. नेब्रास्काच्या माळावरच्या या तळावर तीस वर्षं त्यांची पाच नंबरची जागा ठरलेली, आणि त्यांची म्हातारी घोडी पेनी त्याला बरोबर तिथंच आणून सोडायची. यंदा ती जागा दुसऱ्यांनी आधीच धरली, म्हणून त्यांनी तंबू नऊ नंबरवर ठोकला.

दुपारी पेनी सवयीनं पाच नंबरवर थांबली. वेंडेल उतरून तिथल्या परक्या बाईच्या शेकोटीपाशी बसला. "काय गं, कॉफी झाली का?"

अर्लीन धावत गेली. "अरे वेंडेल, आपण तिकडं आहोत. चल ना!"

त्यानं अर्लीनला बघून अदबीनं डोक्यावरची टोपी किंचित उचलली आणि तो शेकोटीपाशीच्या बाईकडं वळला.

"अर्लीन, या बाई एकट्याच दिसतायत गं. त्यांनाही कपभर दे."