चौथा रोटर

शेडचे कुलूप शाबूत होते, बॅटरी जागेवर होती, टाकीतले पेट्रोल थेंबभरही कमी झाले नव्हते. नाहीसा झाला होता तो फक्त रोटर, आणि तोही तिसऱ्यांदा.

मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटरचे झाकण उचलून तिला आतली रिकामी जागा दाखवली.

"ताई, चोर असला तर मोठा संन्यासी म्हणायचा. तांब्याच्या तारा सोडतो, नवी बॅटरी सोडतो, आणि हा अंगठ्याएवढा तुकडा नेतो."

त्या तुकड्याचे काम एवढेच, की ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक सिलिंडरला वाटून द्यायची. तो नसेल तर लष्करी लॉरीचे ते अगडबंब इंजिन म्हणजे नुसते लोखंड. या जुन्या बनावटीचा रोटर बाजारात मिळत नसे. मिस्त्री दुसऱ्या गाडीचा आणून, कानशीने घासून बेताचा करी.

ती एका प्रयोगशाळेत धातूंच्या चाचण्या घेत असे. भुताखेतांना तिच्या विचारात जागा नव्हती. शेडला दोन किल्ल्या होत्या. एक स्वयंपाकघरातल्या खुंटीवर, दुसरी थोरल्या भावाकडे. खुंटीवरची घरातच असे, म्हणून तिने ती हिशेबातून वगळली. उरला भाऊ.

तिने त्याला फोन लावला.

"दादा, रोटर परत आणून दे."

"कसला रोटर? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"गाडी भंगारात आणि बाबा वृद्धाश्रमात, एवढंच तुला हवंय. इंजिन सुरू झालं तर तुझी पंचाईत."

"इंजिन सुरू झालं की बाबा बोलायला लागतील, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? तू तर देवाकडेही पुरावा मागायचीस!"

"परत या घरात पाऊल टाकू नकोस."

"नाही टाकत. बसा दोघं लोखंड पुजत."

तो खरोखरच परत आला नाही.

भावाचा प्रश्न बिनतोड होता, हे तिला कळत होते. आई गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच वडिलांनी बोलणे टाकले. घसा, जीभ, कान, सगळे तपासून झाले; दोष कुठेच नव्हता. "ते आता कुणाला ओळखत नाहीत. एखाद्या जुन्या आवाजानं कधी कधी..." असे म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडले होते. अर्धवट वाक्य हा पुरावा नव्हे. पण हाताशी दुसरे काहीच उरले नव्हते. वडिलांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, आपल्याला हाक यावी, यासाठी तिने हा प्रयोग मांडला होता.

वडील सैन्यात ड्रायव्हर होते. एक लढाई, एक पदक, काही महिन्यांची कैद आणि अधू गुडघा, एवढी त्यांची कमाई. त्यातल्या कशाबद्दलही त्यांनी घरी कधी चकार शब्द काढला नव्हता. निवृत्त झाल्यावर मात्र आपल्या लॉरीच्याच जातीची ही लॉरी लिलावातून उचलून त्यांनी शेडमध्ये आणून उभी केली होती.

आता ते दिवसभर शेडकडे तोंड करून खिडकीपाशी बसत. तिने आधी एक घास खाल्ल्याशिवाय ताटाला हात लावत नसत. ही तिला मायेची एकमेव शिल्लक खूण वाटे. ती कामावरून परतली की कधी कधी त्यांच्या नखांत माती दिसे. खिडकीतल्या कुंडीत बोटे घालत असतील. झाडात जीव रमतोय, म्हणून ती मनातल्या मनात सुखावे आणि नखे साबणाने धुऊन काढी.

चौथा रोटर तिने मिस्त्रीकडून घेऊन थेट पर्समध्ये ठेवला. रविवारी तो तिने स्वतःच्या हाताने बसवला.

सकाळ गारठ्याची होती. सीटखाली मिस्त्रीला एक जुना लष्करी कोट सापडला. तो त्याने झटकून अंगात चढवला.

"ताई, आता मला सलाम ठोकल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही."

"आधी सुरू करा, मग बघू."

स्टार्टर कण्हला. इंजिन खोकले, गप्प झाले, पुन्हा खोकले. काळ्या धुराचा लोट छपराला भिडला, आणि मग सगळे सिलिंडर एका लयीत बोलू लागले. शेडचे पत्रे थरथरले.

वडील दारात उभे होते. काठी नव्हती; पाठ ताठ होती.

ते लंगडत आत आले, केबिनमध्ये हात घालून त्यांनी स्विच बंद केला, बॉनेट उघडले, झाकणाच्या क्लिपा न बघता सोडवल्या, रोटर उपटला आणि खिशात टाकला.

मिस्त्रीच्या तोंडून शिट्टी निघाली. "अहो ताई, ही तर फौजी ड्रायव्हरांची रीत! गाडी सोडून जाताना रोटर काढायचा, म्हणजे ती दुसऱ्या कुणाला नेता येत नाही."

तिला हसू आणि रडू बरोबरच आले. सवय. नुसती हातांची सवय. भावाची माफी मागावी लागणार होती. पण हात विसरले नव्हते, म्हणजे आत कुठेतरी माणूसही शिल्लक असणार.

"बाबा!" तिने त्यांचा दंड धरला.

त्यांनी दंड सोडवून घेतला. कोट घातलेल्या मिस्त्रीसमोर टाचा जुळवून ते उभे राहिले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला. इतक्या महिन्यांनी आवाज फुटला. तो खरखरीत, पण स्पष्ट होता.

"साहेब, गाडी अजून त्यांच्या हाती लागलेली नाही. आधीचे रोटर कुंडीत पुरलेत."

"काका, अहो, मी तर..."

वडिलांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिले आणि आवाज उतरवला.

"ही पहाऱ्यावरची बाई. गोड बोलते, भरवते, बाबा म्हणते. पण पकडला गेलो त्या दिवसापासून मी हिच्यासमोर तोंड उघडलेलं नाही, साहेब."