न धुतलेला ब्रूच

शनिवारी सकाळी दहाला नॉर्मन पिगॉटने गावच्या सभागृहात हेझलबाईंसमोर चांदीचा ब्रूच ठेवला. जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तू ओळखून नोंदवणं हे त्यांचं सरकारी काम. “सॅक्सन, सातवं शतक,” त्या भिंगातून पाहत म्हणाल्या. “सापडला कुठे?” “माझ्याच परसात धातू शोधायचा डिटेक्टर वाजला.” “धुतला नाहीत?” “धुऊन खुणा घालवतात ती गाढवं, बाई.” आपापल्या वस्तू घेऊन रांगेत उभे असलेले शोधक हसले. हेझलबाईंनी काडीने खाचेतली माती कागदावर पाडली. ती खडूसारखी पांढरी होती. “पिगॉट, तुमच्या परसातली माती कोळशासारखी काळी. पांढरी फक्त मठाच्या टेकडीवर, सॅक्सन सरदारांच्या संरक्षित थडग्यांपाशी, आणि तिथे खणणारा तुरुंगात जातो.” “कुंडीतली असेल.” “कुंडीत सॅक्सन सरदार लावला होतात?” हेझलबाईंनी पोलिसांना फोन लावला. “चोरी करायची तर धुवायला तरी शिकावं,” रांगेतली म्हातारी पुटपुटली. दुपारी पोलीस घरी पोचले तेव्हा पिगॉटचे बूट दारात वाळत होते, नुकतेच धुतलेले.