माकड आणि मांजरं

"बाई, त्या लाल टोपीवाल्यांच्या पोरांशेजारी आमचा ईशान बसणार नाही," निळा बिल्ला लावलेले घैसास म्हणाले. "मग आमचीही बसणार नाहीत!" लाल टोपीतले देवस्थळी गरजले. न्यू जर्सीतली रविवारची मराठी शाळा अमेरिकेच्या निवडणुकीपायी फुटायला आली होती.

ती वाचवायला म्हाताऱ्या कुमुदिनीबाईंनी मुलांचं नाटक बसवलं: लोण्यासाठी भांडणारी दोन मांजरं, आणि वाटणी करता करता सगळं लोणी गिळणारं माकड.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"बाई, त्यांच्या पुढाऱ्याचं माकड हुबेहूब केलंत!" देवस्थळी कानाशी म्हणाले. "पुढच्या रविवारी आमच्या वेगळ्या शाळेचं उद्घाटन आहे. तिथं हेच ठेवा."

ते वळतात तोच घैसास आले. "त्यांचं माकड झकास रंगवलंत! आमच्या नव्या शाळेत हेच हवं."

"आणि मांजरं?" बाईंनी विचारलं.

"मांजरं कुठलीही चालतील," घैसास म्हणाले.