कागदापुरतं मरण

"मी लिहिलं की पोरीची ॲडमिशन पक्की. नाही झाली तर गेटसमोर मिशी उतरवतो!" बिल्डिंगच्या कट्ट्यावर मी शेजारच्या केरबाशी पैज मारली. त्याच्या मृण्मयीला शिकायला परदेशात जायचं होतं, आणि 'मला हेच का शिकायचंय' ते लिहून पाठवायचं होतं.

तिनं खरं तेच लिहिलं होतं. एसटीत मेकॅनिक असलेल्या बाबांसोबत इंजिनं खोलता खोलता गोडी लागली. "यात रडू कुठंय?" म्हणत मी बापाला अपघातात मारून टाकलं.

"काका, बाबांना मारलंत?"

"अगं, कागदावरच! तिकडनं कोण बघायला येतंय?"

निबंध आवडला, व्हिडिओवर मुलाखत लागली. प्रोफेसरबाई वडिलांबद्दल हळहळल्या, तेवढ्यात केरबाच चहा घेऊन आत आला. "माय फादर," पोरगी बोलून गेली.

नकार आला. पोरीनं रडत बापाला सगळं सांगितलं.

रविवारी गेटसमोर खुर्ची टाकून मी मिशीला वस्तरा लावला. अख्खी बिल्डिंग शिट्ट्या मारत होती. आरसा केरबानं धरला होता.

"मिशी महिन्यात येईल रे," तो हळूच म्हणाला. "पोरगी मात्र माझ्याकडं मान वर करून बघत नाही."