खात्रीचं गणित

नवऱ्याला अतिदक्षता विभागात हलवलं, तेव्हापासून ती दाराशी खिळून उभी होती. अखेर तरुण डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी हातातला टॅब तिच्यापुढे धरला.

“ताई, या गणितानुसार अशा अवस्थेतून शंभरात चारच जण वाचतात. आता यंत्रं काढावीत, असं आम्हाला वाटतं.”

“तुमचं गणित चुकलंय!” तिने त्यांची बाहीच धरली. “अजून थोडं थांबा, पाया पडते तुमच्या!”

“घरचं माणूस हेच म्हणतं, ताई. पण हे गणित मांडणाऱ्या बाईंनी त्यात उभी हयात घालवलीये.”

 

“मीच ती बाई,” ती म्हणाली. “सगळं चुकलंय असं लिहून देते, पण यंत्रं काढू नका.”